भेंडोळ्यातला ग्लायडर : वळलेले प्लॅन सपाट करण्याचे एक प्रकरण

गेल्या एप्रिलमध्ये, पुण्यात दुपारी पंख्याखालीही कागद कुरकुरीत होतो अशा दिवसांत, एका निवृत्त ड्राफ्ट्समन काकांनी त्यांच्या माळ्यावरचे एक भेंडोळे मला दिले. दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही तोंडांना चिंध्यांचे बोळे आणि आत चार कागद एकमेकांवर घट्ट गुंडाळलेले. त्यांपैकी दोन अमोनिया प्रिंट, म्हणजे निळ्या रेषांच्या जुन्या पद्धतीच्या नकला, होते, एक बटर पेपरवर शाईने केलेले ट्रेसिंग होते आणि एक काकांच्या पुतण्याने अलीकडे संगणकावरून मोठ्या कागदावर काढून आणलेला प्लॉटर प्रिंट होता. चारही कागदांवर एकाच मॉडेल विमानाचे, म्हणजे दोरीने ओढून सोडायच्या ए-टू वर्गातील बिनइंजिनाच्या ग्लायडरचे, पूर्ण मापाचे ड्रॉइंग होते. काका म्हणाले, "सरळ झाले तर तू बनव. नाही झाले तर रद्दीत जाणारच आहे."

ए-टू म्हणजे मॉडेल विमानांच्या स्पर्धांतला आजचा एफ-वन-ए वर्ग. पंख आणि शेपूट मिळून क्षेत्रफळ ३२ ते ३४ चौरस डेसिमीटर, वजन किमान ४१० ग्रॅम आणि ओढायची दोरी जास्तीत जास्त ५० मीटर, ही त्याची चौकट आहे. काकांच्या प्लॅनच्या कोपऱ्यात एकूण क्षेत्रफळ ३३.९ असे लिहिलेले होते. नियमाच्या इतक्या जवळ जाऊन काढलेले ड्रॉइंग हातात असताना कागद किती ताणला आणि किती आकसला याला महत्त्व येते, हे मला पुढे उमगले. सुरुवातीला प्रश्न अगदीच साधा वाटला होता, की कागद गोल झाला आहे आणि तो सपाट हवा आहे.

घाईचे कारणही व्यवहाराचे होते. मूळ प्लॅनवर टाचण्या टोचून कोणी मॉडेल बांधत नाही. त्याची प्रत काढतात आणि प्रतीवर बांधतात. मोठ्या कागदाच्या स्कॅनरमध्ये कागद रुळांमधून ओढला जातो. दुकानातल्या मुलाने भेंडोळ्याचे एक टोक उलगडून पाहिले, हात काढताच ते सपकन पुन्हा गुंडाळले गेले आणि त्याने ते मला परत दिले. रुळात अडकून फाटले तर जबाबदारी कोणाची, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

पहिले तीन उपाय आणि त्यांचे निकाल

पहिला उपाय काकांनीच सांगितला आणि ड्रॉइंग ऑफिसात उमेदवारी केलेला प्रत्येक माणूस तोच सांगेल : उलटे गुंडाळायचे. प्लॉटर प्रिंटवर तो उत्तम चालला. ताजा, चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा कागद जाड नळीवर उलटा गुंडाळून रात्रभर ठेवला आणि सकाळी तो जवळजवळ सपाट निघाला. त्या यशाने धीर चेपला आणि मी तोच प्रयोग पहिल्या अमोनिया प्रिंटवर केला. अर्धा वेढा जेमतेम झाला असेल तोच कडेला बारीक आवाज आला. पापड मोडताना येतो तसा, पण दबका. कडेपासून आत साधारण चार सेंटिमीटरची चीर गेली होती आणि ती नेमकी शेपटीच्या रेषेपाशी थांबली होती. जुन्या कागदातील धागे ठिसूळ झालेले असतात. कोरड्या हवेत ते आणखी कडक होतात, आणि उलट्या वळणात बाहेरच्या बाजूवर पडणारा ताण त्यांना सोसत नाही.

दुसरा उपाय वजनाचा. दुसरा प्रिंट जेवणाच्या टेबलावर हळूहळू उलगडत, दर वीतभर अंतरावर पुस्तक ठेवत पसरला, वर प्लायवूड घातले आणि त्यावर घरातले सगळे जाडजूड ग्रंथ रचले. आठवडाभर आम्ही जमिनीवर बसून जेवलो. आठव्या दिवशी वजन काढले तेव्हा कागद सपाट होता; चहा होईपर्यंत त्याच्या कडा उचलल्या होत्या आणि तासाभरात तो पुन्हा पन्हाळीसारखा झाला होता. वाईट एवढेच वाटले की आठवडा गेला.

तिसरा उपाय इस्त्रीचा, आणि तो मी सुदैवाने थेट प्लॅनवर केला नाही. आधी एका जुन्या झेरॉक्सवर सुती रुमाल टाकून इस्त्री फिरवली, तर रुमालावर फिकट काळ्या रेषा उमटल्या, कारण झेरॉक्सची आणि लेझर प्रिंटची शाई म्हणजे मुळात उष्णतेने वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची भुकटी असते. अमोनिया प्रिंटवर अशी भुकटी नसते; त्याच्या रेषा रंगाच्या असतात. तरीही कोऱ्या समासाच्या एका कोपऱ्यावर मंद इस्त्री टेकवून पाहिली. तेथला कागद डोळ्यांना दिसेल इतका पिवळसर झाला आणि वळण मात्र पुरते गेले नाही. तेव्हा इस्त्री कपाटात गेली.

कागद का वळतो

या तीन फसलेल्या प्रयत्नांमागे एकच गैरसमज होता, आणि तो मला नीट मांडायला हवा, कारण तो जवळजवळ सर्वांचाच असतो. आपण समजतो की दाबाने कागद सपाट होतो. प्रत्यक्षात कागद सपाट होतो तो ओलाव्याने. दाबाचे काम फक्त तो वाळेपर्यंत त्याला जागेवर धरून ठेवण्याचे असते.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या एकमेकांत गुंतलेल्या धाग्यांची दाट गादी. हे धागे हवेतले पाणी शोषतात आणि सोडतात. पाणी आत शिरले की धाग्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे हायड्रोजन बंध सैल होतात आणि धागे थोडे सरकू शकतात; पाणी गेले की त्या क्षणी कागद ज्या आकारात असेल त्याच आकारात ते बंध पुन्हा बसतात. सुती साडीला इस्त्री करण्यापूर्वी पाणी शिंपडतात त्यामागचे कारण हेच आहे, आणि पिळून तशीच वाळत टाकलेल्या साडीच्या चुण्या कोरड्या हाताने कितीही दाबल्या तरी जात नाहीत त्याचेही.

आता काकांच्या माळ्याचा विचार करा. पाइपमधला कागद दर पावसाळ्यात, हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की सैल पडला आणि दर उन्हाळ्यात, दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरली की गुंडाळलेल्या अवस्थेतच वाळला. म्हणजे त्या गोलाकाराला दरवर्षी नव्याने इस्त्री होत राहिली. अशा कित्येक पावसाळ्यांचे काम एप्रिलच्या कोरड्या हवेत, कोरड्याच वजनाखाली आठवड्यात उलटेल ही अपेक्षाच चुकीची होती. खरे तर मी गप्प बसून जुलैची वाट पाहिली असती तरी निम्मे काम फुकटात झाले असते. पण तेवढा धीर असणारा माणूस मॉडेल बनवण्याच्या भानगडीत पडत नाही.

ओलावा, पण पाणी नव्हे

ओलावा द्यायचा म्हणजे पाणी शिंपडायचे नाही. थेंब पडला की तेवढीच जागा फुगते, भोवतीची फुगत नाही आणि वाळल्यावर तेथे लाट राहते. शिवाय शाईचा भरवसा नसतो. म्हणून आधी प्रत्येक कागदाच्या समासात, अक्षराच्या एखाद्या टोकावर, काडीला गुंडाळलेला ओलसर कापूस टेकवून पाहिला. अमोनिया प्रिंटची निळी रेषा हलली नाही. प्लॉटर प्रिंटची काळी रेषा तत्काळ जांभळट होऊन कापसावर आली. तो कागद उलट्या गुंडाळीनेच सुधारला होता, त्यामुळे त्याला या प्रकरणातून तेथेच रजा दिली.

अमोनिया प्रिंटला बरेच जण ब्लूप्रिंट म्हणतात, पण ती दोन वेगळी माणसे आहेत. खऱ्या ब्लूप्रिंटमध्ये निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषा असतात आणि ती पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या लोहक्षारांच्या छपाईवर चालते. तो निळा रंग साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाने उडतो. अमोनिया प्रिंटमध्ये फिकट जमिनीवर निळ्या किंवा जांभळट रेषा असतात. त्या डायझो रसायनातून, अमोनियाच्या वाफेने उमटवलेल्या असतात, आणि त्यांचा शत्रू म्हणजे ऊन. हे सांगण्याचे कारण असे, की काकूंनी अगदी मायेने सुचवले होते की गच्चीवर पापड घातलेच आहेत, तर त्यांच्या शेजारी हे कागदही दगड ठेवून पसर. तसे केले असते तर कागद कदाचित सपाट झाला असता, पण बऱ्याच रेषा फिकटल्या असत्या.

ओलाव्यासाठी झाकणाचा एक उंच प्लॅस्टिक ड्रम घेतला. तळाशी दोन लिटर कोमट पाणी ओतले, त्यात दोन आडण्या एकावर एक ठेवल्या आणि आडण्यांवर एक कोरडी बादली ठेवली. बादलीत दोन फूट रुंदीचे भेंडोळे उभे केले, म्हणजे कागद कोठेही पाण्याला लागणार नाही आणि वेढ्यांमधून दमट हवा फिरेल. झाकणाच्या आतून एक जाड सुती पंचा ताणून बांधला. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण झाकणाला आतून पाणी धरते आणि तो थेंब नेमका कागदावरच पडतो. पंचा तो पिऊन घेतो. आत ठेवलेला छोटा आर्द्रतामापक दोन तासांत ९० टक्क्यांच्या वर गेला.

तिसऱ्या तासाला झाकण उघडले तेव्हा भेंडोळे किंचित फुलले होते. सहाव्या तासाला सगळ्यांत बाहेरचा वेढा आपणहून सुटून बादलीच्या कडेला टेकला होता. रात्री दहाला कागदाचा कोपरा बोटाने वळवून पाहिला, तर तो कुरकुरला नाही. शिळ्या पोळीसारखा असलेला कागद ताज्या पोळीसारखा झाला होता. एकूण चौदा तासांनी, सकाळी, तो बाहेर काढला. यापेक्षा जास्त वेळ देण्यात फायदा नाही आणि धोका आहे. इतक्या दमट, बंद हवेत दोन दिवस कागद राहिला तर बुरशी धरू शकते, आणि बुरशीचे ठिपके एकदा पडले की ते काढण्याचा घरगुती उपाय नाही.

टीपकागदाखालचा आठवडा

पुढचा टप्पा वेगाचा असतो, कारण एप्रिलची हवा कागदातला ओलावा पाच-दहा मिनिटांत ओढून घेते आणि कडा आधी वाळून वर येतात. म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद आणि सगळे सामान आधीच मांडलेले. सहा फुटी प्लायवूडवर पांढऱ्या टीपकागदाचे तक्ते एकमेकांना भिडवून पसरले होते. त्यावर प्लॅन मधून कडांकडे हात फिरवत बसवला, वर पुन्हा टीपकागद, त्यावर दुसरे प्लायवूड आणि त्यावर पाण्याने भरलेल्या लिटरच्या चोवीस बाटल्या समान अंतरावर उभ्या केल्या. वर्तमानपत्र वापरायचा मोह आवरला, कारण ओलसर कागदावर त्याची शाई उतरते. सुती कापडही टाळले, कारण त्याच्या विणीचा ठसा मऊ कागदावर उमटतो. अर्ध्या तासाने टीपकागद बदलले, पुन्हा दोन तासांनी, मग रात्री आणि नंतर रोज सकाळी एकदा. हा भाग कंटाळवाणा आहे आणि त्याबद्दल आणखी सांगण्यासारखे काही नाही.

चिरीची दुरुस्ती मात्र सांगण्यासारखी आहे. सेलोटेप लावायचा नाही हे मला ठाऊक होते, कारण दुसऱ्या प्रिंटवर कोणीतरी पूर्वी लावलेली टेप सुटून गेली होती आणि तिचा तपकिरी चिकट पट्टा कागदात मुरला होता. कागदांचे जतन करणारे लोक यासाठी पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. जपानी टिश्यू आमच्याकडे असतोच, ग्लायडरच्या पंखांवर चढवायला. पतंगाचा कागद घ्यायचा नाही; ओला झाला की त्याचा रंग फुटतो. उरली खळ. मैद्याच्या खळीत ग्लुटेन राहते, ती वाळल्यावर कडक होते आणि कसर तिच्यावर तुटून पडते. पण काकूंकडे त्याच आठवड्यात कुरडयांचा घाट घातलेला होता. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून, वरची निवळ ओतून देऊन खाली बसलेला पांढरा चीक म्हणजे बहुतांशी कोंडा आणि ग्लुटेन काढून टाकलेला स्टार्चच की! मीठ-हिंग पडण्याआधी दोन चमचे मागून घेतले, भरपूर पाण्यात मंद आचेवर शिजवले आणि गार झाल्यावर चहाच्या गाळणीतून दोनदा गाळले. टिश्यू कापण्याऐवजी ओल्या ब्रशची रेघ मारून फाडला, म्हणजे त्याच्या कडेला धाग्यांची बारीक झालर राहते आणि जोड अंगाला लागत नाही. चिरीच्या मागच्या बाजूने तो पट्टा बसवला. समोरून आता शेपटीची रेषा अखंड दिसते. बोट फिरवले तरच कळते.

बटर पेपरच्या ट्रेसिंगला मी ड्रममध्ये घातले नाही. बटर पेपरचे धागे कारखान्यात इतके कुटलेले असतात की त्यांच्यामध्ये हवा राहत नाही. म्हणूनच तो पारदर्शक दिसतो आणि म्हणूनच ओलावा लागताच साध्या कागदापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. समासाचा एक तुकडा दमट टीपकागदावर तासभर ठेवला तर तो तव्यावरच्या फुलक्यासारखा ठिकठिकाणी उचलला गेला. ट्रेसिंग होते तसेच काचेखाली दाबून वरून छायाचित्र घेतले आणि सोडून दिले.

पंखाच्या खालची तेलाची पट्टी

दुसऱ्या अमोनिया प्रिंटने वेगळीच अडचण दाखवली. प्लॅनवर पंखाची फक्त उजवी बाजू काढलेली असते. डावी बाजू बांधण्यासाठी जुने लोक कागदाला पाठीमागून तेल चोळत, त्यामुळे रेषा आरपार दिसू लागत आणि कागद पालथा घालून त्यावरच डावा पंख बांधता येई. या प्रिंटवर तसे तेल चोळलेले होते, पंखाच्या लांबीभर, वीतभर रुंदीच्या पट्ट्यात. ड्रममधून काढल्यावर भोवतीचा कागद मऊ झाला होता आणि ही पट्टी मेणकापडासारखी ताठच होती, कारण तेलाने भरलेल्या धाग्यांत पाण्याला जागा राहत नाही. भोवतीचा कागद फुगलेला आणि मधली पट्टी न फुगलेली, म्हणजे पट्टीच्या दोन्ही काठांनी झालरीसारख्या लाटा. दुसरा आठवडाभर वजन ठेवूनही त्यांतली एक, साधारण तीन मिलिमीटर उंचीची, राहिलीच. स्पिरिटने तेल काढावे असे मनात आले होते. निळ्या रेषांचे काय होईल याची खात्री नसल्याने तो विचार सोडला.

मापे

मॉडेल बांधणाऱ्याला प्लॅन हे चित्र नसते, ते मोजपट्टीचे दुसरे रूप असते. म्हणून ड्रममध्ये घालण्यापूर्वी, कागद थोडा थोडा उलगडून दाबत, त्याच्या लांबीत १,००० आणि रुंदीत ५०० मिलिमीटरवर पेन्सिलीच्या बारीक खुणा स्टीलच्या पट्टीने करून ठेवल्या होत्या. वजनाखालून काढल्यावर लांबीतला फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी होता. रुंदीत मात्र ५०० चे ५०१.५ झाले होते. हे अपेक्षितच होते : रोलच्या कागदात बहुतेक धागे रोलच्या लांबीच्या दिशेने असतात, आणि धागा ओलाव्याने लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत वाढतो. त्यातच ओला कागद दाबून वाळवला की त्याला पुन्हा आकसायला पुरेशी मोकळीक मिळत नाही.

हजारात तीन हा फरक ऐकायला किरकोळ आहे. पण प्लॅनवर वरून दिसणाऱ्या पंखाची रुंदी कागदाच्या रुंदीच्या दिशेने होती, आणि रिबचा साचा, म्हणजे पंखाचा छेद, त्याच कागदावर लांबीच्या दिशेने आडवा काढलेला होता. पंखाची रुंदी आणि रिबची लांबी, दोन्ही मुळात १५० मिलिमीटर. कागद एकाच दिशेने ताणला गेल्यामुळे पंखावरची जागा सुमारे १५०.४५ झाली आणि रिब १५० च राहिली. साच्यावरून कापलेली प्रत्येक रिब पंखाच्या मागच्या पट्टीपासून जवळजवळ अर्धा मिलिमीटर आखूड पडणार, आणि बांधणारा आपल्या करवतीला दोष देत बसणार. उलट, पंखाच्या रेषांवर विश्वास ठेवून रिबच लांब केल्या तर ३३.९ चे क्षेत्रफळ ३४ च्या काठावर जाऊन उभे राहते. अशा वेळी काढलेल्या रेषेवर नव्हे, लिहिलेल्या आकड्यावर जायचे, हे काका ऑफिसात नव्या पोरांना सांगत असत असे त्यांनीच मला नंतर ऐकवले.

दोन्ही प्रिंट आणखी आठ दिवस, वजनाशिवाय, पलंगाखालच्या खणात नुसते आडवे ठेवले. मोकळे सोडल्यावर रुंदी ५००.५ वर आली आणि तेथे थांबली. मग स्कॅनच्या दुकानात गेलो. पहिला प्रिंट रुळांमधून विनातक्रार गेला. तेलाचा प्रिंट मुलाने पारदर्शक फोल्डरमध्ये घालून घेतला, आणि लाटेपाशी स्कॅनमध्ये एक रेषा किंचित वाकडी आली. उरलेला फरक संगणकावर काढला : लांबी तशीच, रुंदी ९९.९ टक्के. डाव्या पंखासाठी तेलाची गरज नव्हतीच. उजव्या पंखाचे आरशातले प्रतिबिंब काढून वेगळी प्रत छापून घेतली. छापलेल्या प्रतीवर पहिले काम म्हणून पट्टी लावली, तर रिबचे अंतर लिहिल्याप्रमाणे ५० आणि पंखाची रुंदी लिहिल्याप्रमाणे १५० भरली.

मे महिन्याच्या अखेरीस प्रत सॉफ्टबोर्डवर ताणून लावली, वर पारदर्शक प्लॅस्टिक घातले आणि बाल्सा या हलक्या लाकडाची पहिली रिब तिच्या रेषेवर उभी केली. काका शेजारी बसून चष्मा कपाळावर सरकवून पाहत होते. "पुढे आणि मागे दोन्हीकडे टेकली का?" त्यांनी विचारले. टेकली होती.

मूळ प्रिंट खणातच आहेत, मध्ये कोरे कागद घालून. जुलैत जोरदार पाऊस लागल्यावर उघडून पाहिले, तेव्हा पहिला प्रिंट सपाट होता. दुसऱ्याची तेलाच्या काठची लाट पुन्हा थोडी उठली होती. तिच्यावर प्लायवूडचा तुकडा आणि दोन बाटल्या ठेवल्या आहेत. दिवाळीपर्यंत राहू देईन म्हणतो.